पेव दुसऱ्याच्या जमिनीत, हळद आपली

सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, आता फारशी वापरात राहिली नाहीत. तरीही सांगलीत हळदीच्या धंद्यात वावरलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून ती जात नाहीत. अरुंद तोंड, वीस-पंचवीस फूट खोली, खाली रुंदावत गेलेला खड्डा. माती चिवट, सहजी पाणी झिरपू न देणारी. हळकुंडं भरायची, तोंड लिंपून टाकायचं आणि भाव येईपर्यंत निर्धास्त राहायचं. २००५च्या महापुरात बरीचशी पेवं पाण्याखाली गेली आणि ती पद्धत मोडत आली. त्या व्यवहारातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जमीन पेववाल्याची, हळद व्यापाऱ्याची. भाडं चुकतं करायचं, पण मनात येईल त्या दिवशी तोंड उघडून माल पोत्यात भरून न्यायचा. ‘माझ्या पेवात घातलेली हळद बाहेर निघत नसते’ असं कोणी पेववाला म्हणाला असता, तर त्याच्या वाटेला पुन्हा कोण गेलं असतं?

आज आपल्या जिल्ह्यात ऑनलाइन दुकानांचं पेव फुटलंय. हळद, बेदाणा, गूळ, पापड-कुरडया, मसाले, मिरजेचे तंबोरे, सगळं मोबाइलवर विकायला आलंय. सांगलीच्या बेदाण्याला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीला २०१८मध्ये. मालाला नाव आहे, गिऱ्हाईक घरबसल्या मागवायला तयार आहे. दुकान कशावर उभं करायचं हे ठरवताना मात्र चौकशी होते ती दोनच गोष्टींची: महिन्याला किती पडेल आणि किती दिवसांत चालू होईल. आत घातलेला माल उद्या बाहेर काढता येईल का, हे कोणी विचारत नाही. माल म्हणजे इथे हळद नव्हे. माल म्हणजे गिऱ्हाइकांची यादी, त्यांचे पत्ते, कोण किती वर्षं काय घेतं याची नोंद, वस्तूंचे फोटो आणि माहिती, लोकांनी लिहिलेले अभिप्राय. दुकानाची खरी मत्ता ती. म्हणून माझं मत असं आहे की छोट्या दुकानदारानं, आणि त्याहूनही आग्रहानं सरकारी अनुदानातून दुकान काढणाऱ्या बचत गटांनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी, ओपन सोर्स सॉफ्टवेअरच, म्हणजे ज्याचा कोड (आतला मजकूर) कोणालाही वाचता-बदलता येतो असंच, निवडावं. ते फुकट मिळतं म्हणून नव्हे, तर त्यातून आपला माल घेऊन उठून जाता येतं म्हणून.

हे मत मला आयतं मिळालेलं नाही. ऑगस्ट २०१९च्या पुरात गणपती पेठेतल्या आमच्या दुकानात पाणी शिरलं. कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या वर्षी पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. माल गेला तो गेलाच, पण मामंजींच्या वह्या गेल्या. चाळीस वर्षांच्या खतावण्या, त्यात कोण गिऱ्हाईक दर चैत्रात पाच किलो हळद नेतं, कोणाला दळलेली नको, अख्खी हळकुंडंच लागतात, कोणाची उधारी दिवाळीला फिटते. गच्चीवर दोरी बांधून आम्ही पानं वाळत घातली होती. शाई पसरून सगळं निळं झालेलं. मामंजी एकेका पानावर बोट ठेवून आठवेल ते सांगत होते आणि मी नव्या वहीत उतरवून घेत होते. जेमतेम निम्मं जमलं असेल.

म्हणून २०२०मध्ये टाळेबंदीत ऑनलाइन दुकान काढायची वेळ आली, तेव्हा मला वाटलं, आता नोंदी पाण्यात जाणार नाहीत. महिन्याचं भाडं घेऊन तयार दुकान देणारी एक सेवा आम्ही घेतली. दोन दिवसांत दुकान सुरू झालं, हे खरं. त्या दिवसांत त्या सेवेनं आम्हाला तारलं, हेही खरं. पण मराठी पर्याय चालू केला की ऑर्डर देण्याच्या बटणावर ‘स्थान आदेश’ असं, ‘प्लेस ऑर्डर’चं शब्दशः भाषांतर यायचं. पुण्याच्या एका आजी फोनवर म्हणाल्या, ‘अगं, सगळं भरलंय मी, पण हळद पाठवा असं कुठे म्हणायचं ते सांग.’ मी त्या सेवेला तीनदा कळवलं. उत्तर गोड आलं, बटण तसंच राहिलं. दोन वर्षांत भाडं दोनदा वाढलं. आम्ही दुसरीकडे जायचं ठरवून गिऱ्हाइकांची यादी मागितली, तेव्हा एक फाइल मिळाली. उघडली तर देवनागरीत लिहिलेल्या प्रत्येक नावाच्या आणि पत्त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग. फोन नंबर शाबूत, पिनकोड शाबूत, माणसं गायब. जुन्या ऑर्डरी त्या फाइलमध्ये नव्हत्याच. ‘आमच्या यंत्रणेत एवढंच बाहेर काढता येतं,’ असं कळलं. मग कुरियरच्या पावत्यांचे गठ्ठे काढून, फोन नंबर जुळवून, मी आणि माझी जाऊ पुन्हा नावं लिहायला बसलो. गच्चीवरच्या त्या दोऱ्या आठवल्याशिवाय राहिल्या नाहीत. या वेळी तर पूरही आला नव्हता.

ओपन सोर्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते, कारण याबद्दल आपल्याकडे ‘चकटफू’ एवढीच समजूत आहे. १९८३मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. त्यामागचा विचार असा की सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते हवं तसं चालवता यावं, आतून वाचता यावं, बदलता यावं आणि बदललेलं दुसऱ्याला देता यावं. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८मध्ये आलं. हे हक्क परवान्यात लिहून दिलेले असतात, ती कोणाची मेहेरबानी नसते. सॉफ्टवेअर लिहिणारी कंपनी विकली गेली, बुडाली किंवा तिचं मन बदललं, तरी हातात आलेल्या प्रतीवरचा आपला हक्क जात नाही. आजीच्या लोणच्याची कृती घरात लिहून ठेवलेली असावी तसं हे आहे. करणारा हात बदलला की चव थोडी बदलेल, पण लोणचं बंद पडत नाही.

ही नुसती तत्त्वाची गोष्ट नाही. ऑनलाइन दुकानांच्या सॉफ्टवेअरचा सगळा इतिहासच या हक्कावर चालला आहे. २०००मध्ये जर्मनीत ओएस-कॉमर्स सुरू झालं. ज्यांना त्याची दिशा पटली नाही त्यांनी २००३मध्ये त्यातूनच झेन कार्ट काढलं. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या खुल्या सॉफ्टवेअरवर चालणारं वू-कॉमर्स २०११मध्ये आलं, तेही जिगोशॉप नावाच्या आधीच्या सॉफ्टवेअरच्या पायावर, कारण परवान्यानं तशी मुभा होती. २००८मध्ये आलेलं मॅजेन्टो २०१८मध्ये अडोबी कंपनीनं १.६८ अब्ज डॉलरला विकत घेतलं. त्याच्या पहिल्या आवृत्तीची देखभाल ३० जून २०२० रोजी थांबली. कंपनीनं हात काढून घेतला तेव्हा ती आवृत्ती वापरणारे दुकानदार उघड्यावर पडले असते, पण काही जाणत्या लोकांनी ओपनमॅज या नावानं तीच आवृत्ती दुरुस्त करत पुढे चालू ठेवली. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये हे शक्यच नाही. तिथे कंपनीनं कुलूप लावलं की विषय संपला.

मग निवडायचं कोणतं? वैशिष्ट्यांचे तक्ते मांडून निवडू नका, एवढं मी कळकळीनं सांगेन. त्या तक्त्यांत प्रत्येकाच्या नावापुढे बरोबरच्या खुणा असतात आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी आपल्याला जन्मात लागत नाहीत. दहा-पन्नास वस्तू विकणाऱ्या आमच्यासारख्या दुकानाला वू-कॉमर्स पुरतं. त्याचं सगळ्यात मोठं बळ म्हणजे वर्डप्रेस जाणणारी मुलं सांगली, मिरज, इस्लामपूर, कुठेही सापडतात. ओपनकार्ट सुटसुटीत आहे, पण दुरुस्ती येणारा माणूस आधी शोधून ठेवावा. प्रेस्टाशॉप फ्रान्सचं, २००७पासूनचं, युरोपात जास्त चालणारं. मॅजेन्टो मोठ्या, हजारो वस्तूंच्या दुकानासाठी आहे. त्याला दांडगा सर्व्हर लागतो आणि जाणकार माणूसही तितकाच महाग. आपल्या गल्लीतल्या दुकानाला ते घेणं म्हणजे शेर-पायलीच्या मापाला धर्मकाटा बसवणं. ज्यांचा साठा, खरेदी, जीएसटी आणि हिशेब हीच खरी डोकेदुखी आहे, म्हणजे बेदाण्याची प्रतवारी करून वेगवेगळ्या गोदामांत ठेवणाऱ्यांनी, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट जरूर पाहावं. आपल्या देशात घडलेलं आहे, जीपीएल या ग्नू प्रकल्पाच्या परवान्याखाली खुलं आहे आणि त्याचा हिशेबाचा गाभा आपल्याकडच्या व्यवहाराला धरून आहे.

माझी स्वतःची कसोटी एकच: हे बिघडलं तर एसटीनं जाऊन ज्याच्या समोर बसता येईल असा माणूस आहे का?

मिरजेच्या एका तंबोरा करणाऱ्या कारागिराचं उदाहरण मला सांगायचंच आहे, कारण तिथे मला ‘बदलता येणं’ या शब्दांचा अर्थ पुरता कळला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर त्यांच्याकडे परगावहून विचारणा वाढली. मुलानं एका तयार सेवेवर दुकान काढून दिलं होतं. मी गेले तेव्हा ते भोपळ्याच्या कडेवर पट्टी लावत बसले होते. मला म्हणाले, ‘ताई, या बटणावर लिहिलंय टोपलीत टाका. तंबोरा काय टोपलीत टाकतात? तो अजून झालाच नाही. आधी गाणारा पुरुष की बाई, पट्टी कोणती, काळी एक की पांढरी पाच, ते कळू दे. मग मी भोपळा निवडणार.’ प्रश्न बटणाचा नव्हता. त्यांचा सगळा व्यवहारच वेगळा होता: आधी बोलणं, मग विसार, मग काही आठवडे काम, मधे एकदा फोनवर जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, ऐकवणं, पसंत पडलं की उरलेली रक्कम, मग लाकडी पेटीत बांधून रवानगी. त्या सेवेला ‘वस्तू शिल्लक’ आणि ‘वस्तू संपली’ एवढ्या दोनच अवस्था ठाऊक होत्या. जी वस्तू अजून जन्मालाच आलेली नाही तिच्यासाठी रकानाच नव्हता. मुलानं ‘शिल्लक १’ असं लिहून ठेवलं होतं, आणि एका गिऱ्हाइकानं पूर्ण पैसे भरून तिसऱ्या दिवशी ‘माल कुठे आहे’ म्हणून तक्रार केली होती.

वू-कॉमर्सवर तेच दुकान पुन्हा उभं केलं तेव्हा इथल्याच एका मुलीनं ऑर्डरच्या चार नव्या अवस्था करून दिल्या. त्यांची नावं कारागिरानंच ठरवली: विसार आला, भोपळा बसला, जवारी झाली, पेटी बांधली. गिऱ्हाइकाला प्रत्येक टप्प्यावर तेच शब्द मेसेजमध्ये जातात. विसाराची रक्कम वेगळी घेण्याची सोय झाली. हे करायला तिला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. तयार सेवा वाईट नसतात, पण त्या ज्यांनी बांधल्या त्यांच्या डोळ्यांपुढे कपडे आणि मोबाइलची आवरणं विकणारा दुकानदार असतो. मिरजेचा तंबोरा त्यांच्या स्वप्नातही नसतो. आपला धंदा जितका आपल्या मातीतला, तितकी दुसऱ्यानं शिवलेल्या अंगरख्यात त्याची घुसमट जास्त.

भाषेचंही तेच. ते ‘स्थान आदेश’ मला दोन वर्षं बदलता आलं नव्हतं. वर्डप्रेसचं आणि वू-कॉमर्सचं मराठी भाषांतर लोकच करतात. कोणीही शब्द सुचवू शकतो, भाषांतर पाहणारे संपादक तो तपासून घेतात. मी सुचवलेले काही शब्द आज माझ्याच नव्हे, दुसऱ्या कोणाच्या तरी मराठी दुकानातही दिसत असतील. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून आपण सभा घेतो. मराठीत खरेदी करता यावी म्हणून संध्याकाळी अर्धा तास बसून वीस शब्द नीट करणं हे त्याच जातीचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसरी बाजू. ती खरी आहे आणि ओपन सोर्सचे कैवारी ती नीट सांगत नाहीत, याचा मला राग येतो. आपलं दुकान म्हणजे आपली जबाबदारी. दर महिन्याला सुधारित आवृत्त्या येतात, त्या लावाव्या लागतात. लावल्या नाहीत तर चोर शिरतात. मॅजेन्टोच्या त्या जुन्या आवृत्तीवर राहिलेल्या २०००च्या आसपास दुकानांमध्ये सप्टेंबर २०२०मध्ये एकाच शनिवार-रविवारी घुसखोरी झाली. पैसे भरण्याच्या पानावर चोरटा कोड बसवून गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती पळवण्याचा तो प्रकार होता. आणि नव्या आवृत्त्या लावल्या तरी कधी कधी काहीतरी मोडतं. गेल्या एका पाडव्याच्या आठवड्यात मी एक जोड-सॉफ्टवेअर (प्लगइन) घाईनं अद्ययावत केलं आणि पिनकोड तपासणारा भाग बंद पडला. सकाळी पाहिलं तर ‘तुमच्या भागात माल पोचत नाही’ असं सगळ्यांनाच सांगितलं जात होतं, अगदी सांगलीतल्याच विश्रामबागेतल्या माणसालाही. सणाच्या तोंडावर पाच तास विक्री ठप्प. त्यानंतर मी नियम केला की दुकानाची एक दुसरी प्रत ठेवायची, बदल आधी तिथे करून बघायचा, आणि सणाच्या आधी पंधरा दिवस काही हलवायचं नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, नुकसानीनं शिकवलं.

२२ सप्टेंबर २०२५ला जीएसटीचे दर बदलले तेव्हाही कोणी येऊन आमचा तक्ता बदलून दिला नाही. बदाम-पिस्ते १२ टक्क्यांवरून ५वर आले. आदल्या रात्री दुकान बंद झाल्यावर मी एकेक वस्तू उघडून पाहत बसले. अशा कामाला वेळ काढायची तयारी नसेल, किंवा त्यासाठी कोणाला पैसे द्यायची तयारी नसेल, तर ओपन सोर्सच्या वाटेला न गेलेलं बरं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, राखण फुकट मिळत नाही. आम्ही होस्टिंगला, म्हणजे दुकान ज्या सर्व्हरवर राहतं त्याच्या भाड्याला, जेवढे पैसे लागतात त्याच्या दुप्पट दुरुस्तीसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढतो. ते धरूनही आम्हाला परवडतं, पण ते न धरता ‘फुकट आहे’ म्हणून उडी मारणारे वर्षभरात दुकान वाऱ्यावर सोडतात.

सुरक्षेची भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी करून सांगितली जाते. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२२पासून दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या कार्डाचा नंबर स्वतःकडे साठवताच येत नाही. पैसे घेण्याचं काम परवानाधारक पेमेंट गेटवेच्या पानावर होतं, आणि आमच्याकडे तर बहुतेक जण यूपीआयनंच देतात. म्हणजे तिजोरी आपल्याकडे नाहीच. आपल्याकडे राहतात ते फोन नंबर आणि पत्ते, आणि तेही विश्वासानं दिलेले असतात. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ती राखणं ही कायद्याचीही बाब आहे. बंदिस्त सेवा आपली माहिती कुठे ठेवते, कोणाला दाखवते, हे आपल्याला दिसत नाही. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये निदान जाणकाराला दाखवून घेता येतं.

आणखी एक जागा आहे जिथे ओपन सोर्स घेऊनही लोक फसतात, आणि आपल्या भागात हे फार होतं. वेबसाइट करून देणारा माणूस डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर घेतो, होस्टिंगही त्याच्याच खात्यात, पासवर्ड त्याच्याच फोनवर. सगळं वू-कॉमर्सवर असूनही दुकानदाराच्या हातात काही नाही. तो मुलगा लबाड असतो असं नाही. पुण्याला नोकरी लागते, लग्न होतं, फोन बदलतो, आणि डोमेनची मुदत संपल्याची सूचना अशा पेटीत जाऊन पडते जी कोणी उघडत नाही. माझ्या ओळखीच्या एका मसाल्याच्या दुकानाचं दहा वर्षं छापलेलं नाव असंच हातचं गेलं. पाकिटांवर, रिक्षांच्या पाठीवर, कॅलेंडरवर ते अजून आहे. परवान्यानं दिलेला हक्क डोमेनच्या एका नोंदीपाशी येऊन अडतो. म्हणून सॉफ्टवेअर कोणतं याच्याही आधी डोमेन कोणाच्या नावावर, कोणाच्या ईमेलवर, हे पाहा.

इथून पुढचा मुद्दा एका दुकानाचा नाही, सगळ्यांचा आहे. बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या, कारागिरांच्या संस्था यांना वेबसाइटसाठी वेगवेगळ्या योजनांतून पैसे मिळतात. प्रत्येक जण वेगळा ठेकेदार बघतो, वेगळं दुकान बांधतो. उद्घाटनाला फीत कापली जाते, फोटो छापून येतो. देखभालीचा करार संपला की दुकान बंद. पुढच्या वर्षी नवी योजना, नवा ठेकेदार, पुन्हा पायापासून. जे बांधलं ते ठेकेदाराच्या खासगी सॉफ्टवेअरवर असल्यामुळे दुसऱ्याला हात लावता येत नाही. हा पैसा तुमचा-माझा आहे. सरकारी कामासाठी ओपन सोर्सला प्राधान्य द्यावं असं धोरण भारत सरकारनं २०१५मध्येच जाहीर केलं आहे, पण ते मंत्रालयांच्या संगणकांसाठी. तीच अट सार्वजनिक पैशातून उभ्या राहणाऱ्या प्रत्येक छोट्या दुकानालाही हवी: सॉफ्टवेअर खुल्या परवान्याचं, त्यावर केलेले बदलही खुले, आणि काम संपल्यावर सगळ्या किल्ल्या संस्थेच्या हातात.

याहून एक पाऊल पुढे जाता येईल. पापड विकणाऱ्या गटाला आणि बेदाणा विकणाऱ्या कंपनीला जे लागतं त्यातलं बहुतेक सारखंच आहे: मराठी पाटी, पिनकोडप्रमाणे कुरियरचा दर, जीएसटीचं बिल, अन्न परवान्याचा क्रमांक दिसण्याची सोय, यूपीआय. हे एकदाच नीट बांधून जिल्ह्यातल्या सगळ्यांना का देऊ नये? दुरुस्तीला दोन पगारी माणसं सामाईक ठेवावीत, प्रत्येक दुकानानं वर्षाला थोडी वर्गणी द्यावी. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७पासून याच गावात आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी विषय लागतात, आणि खऱ्या दुकानाची खरी अडचण सोडवण्यासारखा चांगला विषय दुसरा नाही. एकट्या शेतकऱ्याला साखर कारखाना काढता आला नसता. वाटणी करूनच तो निघाला. आपल्या जिल्ह्याला हे कोणी बाहेरून येऊन समजावायची गरज नाही.

सहकारात काय काय बिघडलं तेही आपण पाहिलंय, आणि ओपन सोर्समध्येही तसं बिघडतं. २०२४च्या सप्टेंबरपासून वर्डप्रेसच्या संस्थापकांच्या कंपनीत आणि एका मोठ्या होस्टिंग कंपनीत उघड भांडण जुंपलं. त्यात लाखो वेबसाइटवर चालणाऱ्या एका जोड-सॉफ्टवेअरचा, ती जिथून मिळतात त्या वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातला ताबा रातोरात बदलला. कोड खुला असला तरी भांडाराच्या दाराशी कोण बसलंय याला महत्त्व आहे, हे त्यातून कळलं. सभासदांनी वार्षिक सभेला जायचं सोडलं की कारखान्याचं काय होतं ते आपण जाणतो. तरीही फरक आहे. इथे नाराज सभासदाला आपला सगळा कोड, सगळा माल घेऊन वेगळी चूल मांडता येते. साखर कारखान्याचा बॉयलर असा उचलून नेता येत नाही.

सगळ्यांनाच वेबसाइट लागते असंही मी म्हणणार नाही. महिन्याला दहा-पंधरा ऑर्डरी असतील तर व्हॉट्सॲप आणि यूपीआय पुरे. एका वहीत नावं लिहा, महिन्याला तिचे फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवा. चाचपून बघायला तयार सेवा घ्यायलाही हरकत नाही. फक्त पहिल्याच आठवड्यात, दहा गिऱ्हाइकं झाल्यावर, यादी बाहेर काढून बघा. नावं देवनागरीत नीट उतरली का, ऑर्डरी आल्या का. येत नसतील तर तिथेच थांबा. दहा नावं हातानं लिहून काढता येतात, दोन हजार येत नाहीत.

येत्या महिन्यात आमच्या ओळखीतल्या अकरा दुकानांची एक बैठक आहे. बेदाण्याचे चार जण, हळदीचे आम्ही तिघं, दोन बचत गट, एक गुळवाला आणि मिरजेचे ते कारागीर. नव्या कामाचं दरपत्रक मागवायचं आहे. मी त्याच्या मसुद्यात दरांच्या आधी चार ओळी घातल्या आहेत. डोमेन दुकानदाराच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर. बदल केलेला सगळा कोड जीपीएल परवान्याखाली, प्रत आमच्याकडे. दर आठवड्याला पूर्ण नोंदींची प्रत दोन ठिकाणी, त्यातलं एक कृष्णेच्या पुरापासून लांब. आणि काम ताब्यात देण्याच्या दिवशी ठेकेदारानं आमच्यासमोर बसून संपूर्ण दुकान दुसऱ्या सर्व्हरवर उभं करून दाखवायचं, देवनागरी नावांसकट. शेवटचा हप्ता ते पाहिल्यावर. गुळवाल्या काकांनी मसुदा वाचून एकच सुधारणा सुचवली: नावं तपासताना ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘कृष्णाबाई’ ही दोन आधी बघा, जोडाक्षरं तिथेच फुटतात. ती पाचवी ओळ म्हणून घातली आहे.